सात मिनिटांचं गाणं

आमचा बँड माझ्यामुळे मोडला, असं पेणपासून रोह्यापर्यंत कुणीही सांगेल. मी मात्र इतकी वर्षं सांगत आलो की तो कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरमुळे मोडला. आता रिटायर झालोय, कुणाची भीड उरलेली नाही, आणि गुडघे असे झालेत की विषय निघाल्यावर उठून जायलाही वेळ लागतो. तेव्हा जे झालं ते सांगून टाकतो.

बँड म्हणजे आम्ही तिघं. लग्नातला नव्हे. हे आधी सांगावं लागतं, कारण बँड म्हटलं की आमच्याकडे लोक पहिलं विचारायचे, घोडा तुमचा की नवरदेवाचा. मी आणि ड्रमवाला धाटावच्या एकाच रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर. मी रोह्याचा, तो तिथून आत चार कोसांवरच्या गावचा, घरी भात आणि वाल पिकवणारा. तिसरा गिटारवाला पेणचा. त्याच्या घरचा गणपतीचा कारखाना. हा गिटार वाजवायचा आणि गायचा, म्हणून तो मालक. मी बेस गिटार वाजवायचो. बेस गिटार म्हणजे जी वाजते तेव्हा कुणाला कळत नाही आणि थांबली की सगळ्यांना कळतं. ही व्याख्या मालकाची, आणि पुढे ती माझ्यावरच उलटली.

मालकाचा एक मामेभाऊ बोटीवर होता. त्याने कुठल्या कुठल्या बंदरातून कॅसेटी आणल्या आणि आमचा घात झाला. त्यातलं इंग्रजी निम्मं कळत नसे. पण गाणाऱ्याची बायको गेलेली असायची, गाडी चुकलेली असायची, आणि हे सगळं तो अजिबात घाई न करता सांगायचा. ड्रमवाल्याने पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाला, "हा आमच्या चुलत्यासारखा हाय. एकच गोष्ट दोनदा सांगतो आणि तिसऱ्या वेळी भलतंच बोलतो." मालक म्हणाला, "त्यालाच ब्लूज म्हणतात." त्या दिवसापासून ड्रमवाल्याच्या चुलत्याला आम्ही आदराने वागवायला लागलो.

मालकाने सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार आणली. तिचा रंग उडालेला होता. त्याच्या वडिलांना म्हणजे कारखान्याच्या म्हाताऱ्याला ते बघवेना. मुलाच्या नादाबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं, पण रंग उडालेली वस्तू कारखान्यात पडून राहिलेली त्यांना सहन होत नसे. एक दिवस मुलगा बाजारात गेलेला बघून त्यांनी गिटार मुकुटाच्या सोनेरी रंगाने रंगवून टाकली. तारांसकट. वर कडेने लाल खड्यांची रेघ आखली. मालक परत आला आणि मटकन खालीच बसला. म्हातारा म्हणाला, "आता कशी घरातली वाटते." तारा बदलल्या, पण तो सोन्याचा रंग शेवटपर्यंत राहिला.

प्रॅक्टिस त्याच कारखान्यात, मागच्या बाजूला, वाळत ठेवलेल्या मूर्तींच्या मध्ये. ती पण कधी, तर आमच्या दोघांच्या शिफ्टा जुळतील तेव्हा. मी फर्स्टला असलो की ड्रमवाला सेकंडला. महिन्यातून दोनदा जमलं तरी नशीब. आणि जमलं की ड्रमच्या दणक्याने कुठल्यातरी ओल्या मूर्तीचा हात गळून पडायचा. म्हातारा काही न बोलता येऊन तो हात उचलायचा, आमच्याकडे बघायचा आणि परत चिकटवायला घ्यायचा. तो शिव्या देत असता तर बरं वाटलं असतं.

आमचं स्वतःचं असं एकच गाणं होतं. मालकाने लिहिलेलं. ज्याने जन्मात कधी कंपनीच्या गेटात पाऊल टाकलं नाही त्याने गाणं लिहिलं ते शिफ्टवर. एका माणसाची कंपनीची बस चुकते, एवढीच गोष्ट:

बस गेली धाटावची, मी नाक्यावर राहिलो,
बस गेली धाटावची, मी नाक्यावर राहिलो,
हातात डबा गरम होता, धूर बघत राहिलो.

अशी चार कडवी, मग शब्दांशिवाय लांबलचक वाजणारी मोठी गिटार, मग शेवटचं कडवं. सगळं मिळून सात मिनिटं. मालकाचं म्हणणं एवढंच होतं की हे गाणं एकदा, फक्त एकदा, माणसांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं पाहिजे. पैसे नको, नाव नको, हार नको. सात मिनिटं द्या. माणसाचं मागणं याहून कमी काय असणार. पण आमच्या मुलखात सात मिनिटं कुणी कुणाला सलग बोलू देत नाही, गाऊ कुठला देतोय.

सुरुवातीला आमचं बरं चाललं होतं, हे खरं. रामवाडीच्या एका मंडळाने बोलावलं, मग पेणच्या दोन-तीन मंडळांनी. डोलवीच्या बाजूला तर पोस्टर लागलं. त्यावर आमचे तिघांचे फोटो आणि खाली 'रॉक पार्टी'. माझा फोटो कंपनीच्या गेटपासवरचा होता, त्यामुळे मी चोरीत सापडल्यासारखा दिसत होतो. तरी घरच्यांनी ते पोस्टर आणून कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं. एका हंगामात बारा ठिकाणी वाजवलं आम्ही. सोन्याच्या गिटारवाले म्हणून लोक ओळखायला लागले. एसटीत कंडक्टरने एकदा मला बसायला जागा करून दिली. मग विचारलं, तुम्हीच ना ते ढोलकीवाले. मी हो म्हटलं. जागा मिळाली होती, वाद कशाला घालायचा.

सिनेमाची गाणी झाली, कोळीगीतं झाली, की मालक माइकजवळ जाऊन म्हणायचा, "आता आमचं एक गाणं." मला आणि ड्रमवाल्याला तिथेच घाम फुटायचा. कारण ते कुठे तुटणार याचीच आम्ही वाट बघत असायचो. एकदा दुसऱ्या कडव्यात पुढारी आले आणि त्यांचा सत्कार सुरू झाला. एका हळदीत नवरीची मावशी थेट स्टेजवर चढली. मालकाला म्हणाली, "बाळा, मंगल कार्य हाय. रडतोस कशापायी? त्याला दुसरी बस मिळंल." एकदा ड्रमवाल्याच्याच गावी, वालाच्या शेंगा भरल्या होत्या त्या दिवसांत, शेतात पोपटीला वाजवायला गेलो. बाजूला मडक्यात शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजत होती. लोक शांत बसलेले. मालकाचे डोळे चमकले. तीन कडवी झाली, चौथं सुरू झालं, आणि कुणीतरी मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं. चर्र झालं. म्हणजे शिजलं. सगळा जमाव उठून मडक्याकडे गेला. त्यात आमचा ड्रमवालाही होता. तो म्हणाला, "पोपटी गार झाल्यावर काय खातोस?" मालकाने माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली, कारण माझ्या तोंडात शेंग होती.

हसायचो आम्ही. तोही हसायचा. पण पेणला परतताना तो खिडकीला डोकं लावून बसायचा आणि म्हणायचा, "लोकांना वाटतं रडकं गाणं हाय. शेवटचं कडवं ऐकलंच नाय कुणी." हे तो दर वेळी म्हणायचा. दर वेळी मला वाईट वाटायचं आणि दर वेळी मी विषय बदलायचो.

मग मुंबईची स्पर्धा आली. खुली स्पर्धा, ज्याला त्याला आठ मिनिटं. नियमच होता तसा, मधे कुणी बोलायचं नाही, कुणी चढायचं नाही. मालकाने तो नियमांचा कागद घडी करून खिशात ठेवला होता आणि जाताना गाडीत चारदा काढून वाचला. आषाढ होता, कारखान्यात कामाचा डोंगर. म्हाताऱ्याने एका दिवसाची सुट्टी दिली ती अशी की जणू किडनीच देतोय. मी आणि ड्रमवाल्याने शिफ्टा बदलून घेतल्या, त्यासाठी कुणाकुणाच्या पाया पडलो ते सांगत नाही.

आता धाटावच्या माणसाची एक गोष्ट समजून घ्या. कंपनीत दोन भोंगे असतात. एक शिफ्टचा, सरळ. दुसरा चढत-उतरत रडतो, तो गॅसचा. तो झाला की हातातलं काम टाकायचं. मग डोळे वर. उंच खांबावर लाल-पांढऱ्या कापडाची एक लांबट पिशवी असते, तिला विंडसॉक म्हणतात, आम्ही पायमोजा म्हणायचो. तो पायमोजा कुठे उडतोय ते बघायचं आणि वाऱ्याला आडवं पळायचं. विचार करायचा नाही. सेफ्टी ऑफिसर दर महिन्याला ड्रिल घ्यायचा. जो विचार करताना दिसेल त्याला पुन्हा पळायला लावायचा. एकदा खरोखरीची गळती झाली होती. तेव्हा आम्ही दोघं शेजारी शेजारी पळालो होतो, आणि मागे वळून बघितलं तर आम्ही उभे होतो तिथे पिवळट धूर बसलेला. ते मी घरी कधी सांगितलं नाही. पण पाय विसरत नाहीत.

स्पर्धा मैदानात होती, दुपारची. आमचं गाणं सुरू झालं. एक कडवं, दोन, तीन, चार. समोर माणसं गप्प. परीक्षकांतली एक बाई डोळे मिटून मान हलवत होती. मालकाची मोठी गिटार सुरू झाली, अशी त्याने ना आधी वाजवली होती ना नंतर. मला आठवतं, मी मनात म्हटलं, आज होतंय. आणि मैदानापलीकडच्या कुठल्यातरी कारखान्यात भोंगा झाला. चढत, उतरत.

मी बेस खाली ठेवली. ठेवली हं, फेकली नाही, तेवढं भान होतं. वर बघितलं. मंडपाच्या टोकाला एक पताका फडफडत होती, ती पूर्वेकडे. मी दक्षिणेला पळालो. माझ्या पुढे ड्रमवाला होता. तो ड्रमवरून उडी मारून निघालेला. लोकांच्या मधून, खुर्च्यांवरून आम्ही दोघं मैदानाच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो आणि सवयीने एकमेकांची हजेरी घेतली. तेव्हा कुठे मागून टाळ्या ऐकू आल्या. लोकांना वाटलं हा गाण्यातलाच प्रकार, बस पकडायला पळाले. स्टेजवर मालक एकटा, ती सोन्याची गिटार गळ्यात घेऊन. तो वाजवत नव्हता. आमच्याकडे बघत होता.

परीक्षकांनी सांगितलं, गाणं अपुरं सोडल्याने विचार करता येत नाही.

परतीच्या गाडीत पेण जवळ आलं. तेव्हा मालक म्हणाला, "तुला काय झालं रे?" मी त्या वेळी नुसतं 'चुकलं' म्हटलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मी लाजेने तापलो होतो. म्हटलं, "तू मूर्ती रंगवतोस. तुला काय कळणार भोंगा काय असतो ते. आमच्यावर गाणं लिहायला बरं जमतं." तो पेणला उतरला. गिटारची पिशवी खांद्याला लावली आणि मागे न बघता गेला. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मी काय केलं? मी माफी मागितली नाही. का मागू? कंपनीने पळायला शिकवलं, मी पळालो. हे मी बायकोला इतक्यांदा पटवलं की एक दिवस ती म्हणाली, "मला कशापायी सांगता? मी कुठं गिटार वाजवत होते?" ड्रमवाला आणि मी एका बेंजो पार्टीत शिरलो. हळदीत वाजवायचो. धंदा जोरात, नाचणारे खूश, गाणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचं कुणाला सोयरसुतक नाही. माझ्या बेसला तिथे काम नव्हतं, म्हणून मला खुळखुळा दिला. खुळखुळा वाजवताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, हे मी अनुभवाने सांगतो.

मग एका श्रावणात सकाळी दारात म्हातारा उभा. पेणहून एकटाच, धोतर भिजलेलं, हातात पोह्याच्या पापडांचं पुडकं. मी घाबरलोच. घरात कुणाचं काही बरंवाईट झालं असं वाटलं. आत बसवलं, चहा दिला. म्हाताऱ्याने कप उचलला तर बशीवर टकटक वाजला. त्यांनी तो दोन हातांनी धरला.

म्हणाले, "माझ्याच्याने डोळे आखवत नाय आता. सगळे पोरगाच आखतो."

त्या घराचा शिरस्ता मला माहीत होता. मूर्तीचे डोळे आखताना कुणी बोलायचं नाही. गुणगुणलेलं मात्र चालतं, कारण म्हातारा स्वतः गुणगुणायचा.

"तो पण गुणगुणतो," म्हातारा म्हणाला. "तुमचं ते बसचं. चार कडवी म्हणतो, मग तोंडाने गिटार वाजवतो, आणि तुम्ही जिथं पळालात तिथं आला की थांबतो. ब्रश उचलतो. जरा वेळ नुसता बघत बसतो. मग पुन्हा पहिल्यापासून. अकरा वर्षं. मी इचारलं, अरे पुढं हाय का नाय काही? तर म्हणतो, पुढचं तिघांचं हाय."

मी पुडक्याची गाठ सोडत बसलो.

"तो माणूस माझ्या घरात अकरा वर्षं नाक्यावर उभा हाय डबा घेऊन," म्हातारा म्हणाला. "त्याला एकदाचा घरी पोचवा रे बाबांनो. मला आता किती दिवस?"

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही, बायकोने बघितलं आणि ती पापड ठेवायच्या निमित्ताने आत गेली. म्हटलं, "काका, तो मला उभा करेल का?" म्हातारा म्हणाला, "मी बापूस हाय त्याचा. कारखाना अजून माझ्या नावावर हाय."

पुढच्या रविवारी मी आणि ड्रमवाला पेणला गेलो. बेसच्या पिशवीतून दोन झुरळं निघाली होती. कारखान्यात पाय ठेवला तर ओळीने शे-दोनशे गणपती, रंगवलेले, मुकुट झालेले, डोळे तेवढे राहिलेले. मालक मधे उभा. केस पांढरे. गळ्यात ती सोन्याची गिटार, लाल खडे निम्मे पडलेले. मी वाटेभर घोकलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "माझं चुकलं. त्या दिवशी गाडीतच सांगायला पाहिजे होतं."

त्याने नुसतं वर बोट दाखवलं. छताच्या वाशाला एक पायमोजा टांगला होता. लाल-पांढऱ्या कापडाचा, त्याने स्वतः शिवलेला, बरोबर मापाचा. हलत नव्हता. अगदी सरळ खाली लोंबत होता.

"वारा नाय," तो म्हणाला. "बघून घे. नंतर सांगू नकोस."

ड्रमवाला हसता हसता ड्रमवर पडला. मीही हसलो आणि बेस गळ्यात अडकवली. प्रेक्षक म्हणजे म्हातारा, मालकाची बायको, दोन रंगारी, आणि ते गणपती. मालकाने भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणखी दोन मिनिटं उगाच तारा जुळवत राहिला, आणि मग सुरू केलं. का थांबला ते मला तेव्हा कळलं नाही.

चार कडवी झाली. मोठी गिटार सुरू झाली. बोटं पूर्वीइतकी पळत नव्हती, पण पूर्वीपेक्षा जास्त सांगत होती. आणि बरोबर तिथे, त्याच जागी, गावातला बाराचा भोंगा झाला. त्या हरामखोराने बाराला पाच कमी असताना गाणं सुरू केलं होतं. मुद्दाम. भोंगा सरळ होता, मला कळत होतं सरळ आहे, बाराचा आहे. तरी माझी उजवी टाच उचलली गेली. मालक माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या पायाकडे बघत होता. ड्रमवाल्याने दात आवळलेले. मी वर बघितलं. पायमोजा लोंबत होता. मी टाच खाली टेकवली आणि वाजवत राहिलो. भोंगा संपला. आम्ही तिघंही तिथेच होतो.

मग त्याने शेवटचं कडवं म्हटलं:

चालत चालत घरी आलो, दार उघडंच होतं,
चालत चालत घरी आलो, दार उघडंच होतं,
डबा तिच्यापुढे ठेवला, दोघांना पुरलं होतं.

शेवटचा सूर थांबेपर्यंत कुणी हललं नाही. मालकाची बायको पदराने डोळे पुसत होती. तिने अकरा वर्षं चारच कडवी ऐकली होती, आणि हे पाचवं कुणासाठी होतं ते तिला आज कळलं. मालक तारांवर हात ठेवून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. मी त्याच्याकडे बघू शकलो एवढं पुरे.

म्हाताऱ्याने घसा साफ केला. "एवढंच राहिलं होतं होय?" त्याने विचारलं.

मालक म्हणाला, "एवढंच."

"दोन मिनिटं पण नाय झाली."

"नाय झाली."

म्हातारा उठला. त्याने ब्रश उचलला, रंगात बुडवून नीट निथळला आणि मुलाच्या हातात दिला. मग आम्हाला दोघांना म्हणाला, "आता तुम्ही बाहेर बसा. डोळे आखायचेत."

आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. आतून गुणगुणणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, चौथं, तोंडाने गिटार. ड्रमवाल्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आत तो थांबला नाही. पुढे गेला, दारापर्यंत, डब्यापर्यंत. आणि त्याच्या मागून, बेसूर, म्हातारा.